मामांच्या नावाखालची म्हैस

मु. पो. मांडवगण फराटा
रविवार

तीर्थस्वरूप हौशीरामदादा यांना,

मांडवगणहून तुमच्या धाकट्या पाहुण्याचा, म्हणजे जयसिंगचा, वाकून नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? वहिनींनी साखर तपासून घेतली का? दौंडला ऊन यंदा फार तापलंय असं ऐकतो, तेव्हा टोपीशिवाय बाहेर पडू नका. आता खिशात फोन असताना हा माणूस पत्र काय लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. तर दादा, फोन तुम्ही उचलत नाही. तुमची बहीण सुलक्षणा लावते तेव्हा वहिनी सांगतात, ते रानात गेलेत, आणि त्याच वेळी मागून तुमचा खोकला ऐकू येतो. (अडुळशाचा काढा घ्या, उतार पडेल.) म्हणून हे पत्र माझ्या दोस्ताच्या, बाबुलालच्या, हाती देतो आहे; तो दौंडला निघालाच होता. अंकिताचं लग्न तोंडावर आलं आहे, आणि मंगलाष्टकांच्या वेळी पोरीच्या पाठीशी मामा उभा राहणार की नाही, या काळजीनं तुमच्या बहिणीच्या घशाखाली घास उतरत नाही. तुमचा गैरसमज झाला आहे. तो कसा झाला ते पहिल्यापासून सांगतो, कारण त्यात माझा हेतू वाईट नव्हता, फक्त शिक्षण अपुरं पडलं.

रिटायर झाल्यापासून (कारेगावच्या कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं, हे तुम्ही जाणताच) हात रिकामे राहिले की मला करमत नाही. आपल्या गावाची वेबसाइट आहे. तिच्यावर वाढदिवस, दशक्रिया, यात्रेतल्या कुस्त्या, खताची गाडी आली, असं सगळं पोस्ट होतं. मीही लिहायचो, पण माझं सगळं काळं. निमोण्याच्या आमच्या एका सोयऱ्याच्या पोस्टमध्ये मात्र मधेच निळी अक्षरं असायची, खाली रेघ ओढलेली, आणि बोट ठेवलं की दुसरंच पान उघडायचं. त्याला जमतं आणि मला जमत नाही, हे मला काही सहन होईना. बाबुलालची सून निखत गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवते, तिच्याकडे नाव घातलं. तिनं नीट समजावलं. आधी टोकदार कंसात 'ए' हे इंग्रजी अक्षर, मग 'एचरेफ', बरोबरचं चिन्ह, अवतरणात त्या पानाचा पत्ता, आणि कंस पुरा. मग जी अक्षरं निळी व्हायला हवीत ती. आणि शेवटी पुन्हा टोकदार कंसात एक तिरकी रेघ आणि तेच अक्षर, म्हणजे लिंक तिथं संपली. मी म्हटलं, ही शेवटची रेघ नाही दिली तर? त्यावर ती म्हणाली, "मामा, उसाला पाणी देताना वाफा भरला की दार लावता ना? न्हाई लावलं तर काय हुतं? तसंच हाय हे." हे मला चटकन पटलं, आणि पटल्यामुळेच बहुधा मी ते लिहून घेतलं नाही.

सरावाला पहिली लिंक केली ती म्हशीची. म्हैस म्हणजे आपली चांदी. (अंकिता जन्मली तेव्हा भाचीला दूध कमी पडू नये म्हणून तुम्ही टेम्पोत घालून गाभण वगार पाठवली होती, तिची ही नात.) दुधाला चांगली, पण मारकी. मांडव जिथं पडायचा तिथंच तिचा गोठा, आणि माप घ्यायला आलेल्या मांडववाल्याला तिनं थेट कडब्याच्या गंजीवर चढवलं. शिवाय पोर सासरी गेल्यावर आम्हा दोघांना दूध लागणार किती, असाही मी हिशेबी विचार केला. तेव्हा वेबसाइटच्या खरेदी-विक्रीच्या पानावर तिचा फोटो टाकला. वर 'विकणे आहे', खाली 'दूध भरपूर, स्वभाव तापट, लहान मुलांनी लांबून पाहणे'. (खोटं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही.) मग त्या पानाची लिंक केली, बोट ठेवलं, आणि चांदी समोर उभी राहिली. दादा, कंपनीत पर्मनंट झालो तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही, नुसती म्हैस उघडत होतो.

मग आली पत्रिका. छापील पत्रिका आणि अक्षता घेऊन आम्ही दोघं स्वतः तुमच्याकडे येऊन गेलो, तो पहिला मान तुमचाच. पण लांबच्या लोकांसाठी वेबसाइटवरही टाकावी असं ठरलं, आणि निखत म्हणाली, 'कार्यस्थळ' या शब्दाला आपल्या वस्तीच्या नकाशाची लिंक द्या. मी म्हशीचीच तयार लिंक उचलली, तिच्यातल्या निळ्या शब्दाच्या जागी 'कार्यस्थळ' लिहिलं आणि आतला पत्ता मागाहून बदलू म्हणून तसाच ठेवला. तो बदलायचा राहिला. एवढ्यानंही फार बिघडलं नसतं. पाहुणे वस्तीऐवजी म्हशीकडे पोचले असते, आणि म्हैस वस्तीवरच असल्यामुळे तसे बरोबरच पोचले असते.

घात केला तो त्या तिरक्या रेघेनं. शेजारी मुक्ताआत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. (माझ्या आत्या, लग्नासाठी महिनाभर आधीच आलेल्या. तुम्हाला त्या चांगल्या ओळखतात आणि तुम्ही त्यांना.) मी रेघ दिली आणि त्यांनी चष्मा वर केला. शुभकार्याच्या पत्रिकेत, थोरामोठ्यांच्या नावांच्या डोक्यावर, काट कसली मारतोस, असं विचारलं. मी सांगितलं, आत्या, ही काट नाही, इथं लिंक बंद होते. ते तर आणखीच वाईट झालं.

"आपण दुकान बंद केलं म्हणत न्हाई, वाढवलं म्हणतो," त्या म्हणाल्या. "दिवा इझवला म्हणत न्हाई. आन् तू पोरीच्या लग्नात बंद कराया बसलास व्हय?"

खरं सांगायचं तर मलाही मनात ते कुठंतरी लागलं. एकुलती एक पोर, तिच्या पत्रिकेत काट नको. मी रेघ पुसली आणि पोस्ट टाकली. दार उघडंच राहिलं, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं. कार्यस्थळापासून खालची सगळी भावकी निळी झाली, निमंत्रक निळे, स्वागतोत्सुक निळे, 'कृपया आहेर आणू नये' हेसुद्धा निळं. मी निखतकडे पळणारच होतो, तेवढ्यात दत्ताआप्पांचा फोन आला. छापील पत्रिकेत नाव तिसरं आलं म्हणून आमचे हे चुलते रुसून बसले होते. ते म्हणाले, आता कसं, नावाला रंग दिलास, खाली रेघ ओढलीस, याला म्हणतात मान. पाठोपाठ सगळ्या भावकीचे फोन. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर सगळे एकदम खूश होते, दादा, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. म्हटलं, स्वतःचं नाव कोण दाबून पाहतो?

तुम्ही पाहिलंत. 'वधूचे मामा : श्री. हौशीराम' यावर तुम्ही कौतुकानं बोट ठेवलं असणार, आणि समोर आलं 'विकणे आहे, स्वभाव तापट'. दादा, शपथेवर सांगतो, तो स्वभाव म्हशीचा आहे. आता निखतनं शेजारी बसून सगळं दुरुस्त करून घेतलं. मुक्ताआत्यांनाही तिनंच समजावलं की आम्ही लिंक बंद करत नाही, वाढवतो आहोत, आणि त्यावर आत्यांनी स्वतः मान हलवून परवानगी दिली. (नावं पुन्हा काळी झाली म्हणून दत्ताआप्पा परत रुसले आहेत, पण ते गावातच आहेत, त्यांना बघता येईल.) मी आता कुठलीही लिंक डोळे मिटून लिहितो. सगळं छान चाललं आहे, फक्त तुम्ही नाही. राग सोडा आणि हळदीच्या आधी या.

आपला, तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
जयसिंग

ता. क. बाबुलालला उत्तर घेतल्याशिवाय उठू नको असं बजावलं आहे. त्याला चहा किती लागतो हे वहिनींना ठाऊक आहे, तेव्हा लवकर ठरवलेलं बरं.

दादा, मी सुलक्षणा. ह्यांनी एवढं लिहिलं, पर मुद्द्याचं एक बी वाक्य न्हाई. नावाचं तुला काय बी वाटलं नसंल, मी वळखते तुला. तू भाचीला दिलेल्या म्हशीचं वाण इकाया काढलं, ते तुला लागलं. मला बी लागलं. मला न इचारताच टाकलं ह्यांनी. अंकिता चांदीच्या आजीच्या दुधावर वाढली, चांदी कुठं बी जात न्हाई. मांडव बाजूला सरकवायला लावलाय. तू ये. तू आल्याबिगर मी अंतरपाट धरू द्यायची न्हाई.

पुन्हा ता. क. वरचं वाचलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, दादा, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. वेबसाइटवरच्या पत्रिकेत एकच नाव पुन्हा निळं केलं आहे, तुमचं, आणि या वेळी दार नीट लावून. एकदा बोट ठेवून पाहा. फोटो तोच आहे. वर आता लिहिलंय 'विकणे नाही', आणि खाली 'अंकिताच्या मामांकडची'. स्वभावाचं वाक्य मात्र काढलेलं नाही. खोटं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही.