सणसरला बसलेला वाडा

आबा, सणसरचा आपला वाडा पडला नव्हता. तो पडला असं मी लिहिलं होतं, ते चुकलं.

कन्हेरीत कोण कुठून आलं याची पुस्तिका वाचनालय काढतंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आहे. कुणी कारखान्यात कामाला आलं, कुणी ऊसतोडीला येऊन इथंच राहिलं, कुणी पहिल्यापासून इथलंच. एमआयडीसीतल्या नोकरीसाठी भाड्यानं राहणारे तर आता गल्लोगल्ली आहेत. चूक नको म्हणून एकेका घरी मी दोनदा गेले. आपल्या घरापुरतं मात्र कुणाला विचारलं नाही. तुम्ही म्हणायचात, "त्या साली आपला वाडा सणसरला बसला." पावसानं भिंत बसते, तसा तो बसला असणार, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आपली मेंढरं होती हे ठाऊक होतं, पण ती मला दगडी वाड्याच्या अंगणातच दिसायची.

मागच्या आठवड्यात जोत्याचा फोटो काढायला सणसरला गेले. बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. म्हटलं, "तात्या, इथं वाडा बसला होता, तो कुठं?"

"कोन्ता? लई बसायचे."

"दगडी होता."

"दगडी? मेंढरं काय दगडाची आस्त्यात व्हय, पोरी?"

मग त्यांनीच सांगितलं. ऊस गेला, रान मोकळं झालं की मेंढरं, घोडी, बायकापोरं असा सगळा वाडा येऊन रानात बसायचा. चार रात्री इथं, मग पुढच्या रानात. "लेंड्यांचं खत पडायचं. वाडा आदी कुनाच्या रानात बसवायचा, यावरनं आमच्या आईचं शेजारनीशी भांडान व्हायचं. तुमच्या मान्सांची वाट बगायची ती."

आपली कुणी वाट बघत होतं, हे मला माहीतच नव्हतं. येताना एसटीत मी तेवढंच घोळवत होते.

मी लहान आहे, आई भाकरी थापते आहे, आणि परातीतल्या पिठात तुम्ही माझं बोट धरून 'म' काढता आहात. मी म्हणते, मगर. तुम्ही विचारता, "बगितलीस का कदी?" न्हाय म्हटल्यावर पीठ सारखं करून म्हणता, "मग बगितल्यालं सांग." तेव्हा फार रडले होते मी.

दादांना, तुमच्या लेकाला, सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की तसंच. पडल्याला का हुईना, वाडा तर व्हता."

पण मग तुम्ही कुठं जन्मलात? पुस्तिकेत मी सणसर लिहिलंय. वाडा चालत होता, तर ते कुठलंही रान असेल. भिगवणच्या बाजूचं, निमगावचं, वाटेतलं एखादं. तुमच्यामागं हे सांगू शकतील अशा एकच उरल्यात, सुप्याच्या तुमच्या थोरल्या बहीण. त्यांना एखाद्या दिवशी सगळं आठवतं, एखाद्या दिवशी त्या मलाच आपली आई समजतात.

हे मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. त्यांना आठवलं नाही तर ते रान कायमचं गेलं, या भीतीनं मी इतके दिवस फोनसुद्धा टाळला. पण विचारलं नाही तरी ते जाणारच. पुस्तिका शनिवारी छपाईला जाते. मी सुप्याला गुरुवारी सकाळी जाणार आहे.