पाटीत अडकलेली एक्केचाळीस पत्रे

मी, धोंडिराम अर्जुना होवाळ, वय सदुसष्ट, निवृत्त तारमास्तर, मुक्काम माधवनगर, तालुका मिरज, जिल्हा सांगली, लिहून ठेवतो की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण अक्षर लागते, आणि हे मला कुणी शिकवून लिहायला लावलेले नाही. शिकवलेले ऐकायची मला सवय असती तर हे मृत्युपत्र अर्ध्या पानात संपले असते. माझ्या मागे जे राहील त्याची व्यवस्था खाली सांगितल्याप्रमाणे व्हावी.

१. माधवनगरचे दोन खोल्यांचे घर माझी मुलगी स्वप्ना हिला द्यावे. ती मलकापूरला शाळेत शिकवते. घर माझ्या नावावर असले तरी ते माझी पत्नी येसूबाई हिच्या गिरणीतल्या फंडातून झाले आहे. चोवीस वर्षे ती सूतखात्यात उभी राहिली आणि कापसाची धूळ छातीत घेऊन घरी आली. तेव्हा घर आईकडून मिळाले असेच स्वप्नाने समजावे. न्हाणीचा पत्रा गळतो, तो बदलावा. पश्चिमेच्या भिंतीवरून शेजाऱ्यांशी वीतभर जागेचा वाद आहे. ती वीत त्यांना देऊन टाकावी. बावीस वर्षे भांडलो, आता कंटाळा आला.

२. पोस्टातली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

३. माझी सायकल सयाजी खोत याला द्यावी. सयाजी आमच्या खात्यात लाइनमन होता. सायकल चालवायचे त्याचे वय राहिले नाही, पण तीस वर्षे तिला नावे ठेवली, आता घरी नेऊन रोज ठेवावीत.

४. कपाटातला पितळी पेला माझा मुलगा बुद्धभूषण याला द्यावा. नोकरीच्या पहिल्या ऑफिसात पाण्याचे मडके सगळ्यांचे आणि हा पेला एकट्या माझा, खिडकीत उपडा घातलेला असे. बदली झाली तेव्हा मी तो पिशवीत घालून सरळ घरी आणला. कुणी हटकले नाही. त्याला हात लावणार कोण? पुढे मुलगा झाला तेव्हा नाव मी ठरवून ठेवले, आणि शाळेच्या मास्तरांना बजावले की हाक मारताना पूर्ण मारायची.

मुलगा शिकला, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. जानेवारी १९९८ मध्ये तो सुट्टीवर आला आणि मी त्याच्या खिशातले कार्ड पाहिले. त्यावर छापले होते, बी. भूषण.

"तात्या, तिकडच्यांना उच्चारता येत नाही, दुसरं काही नाही," तो म्हणाला.

"त्यांना उच्चारता येत नाही, का तुला सांगवत नाही?" मी म्हणालो. पुढे मी जे बोललो ते कागदावर लिहिण्यासारखे नाही. छत्तीस वर्षे लोकांचे पैसे वाचावेत म्हणून त्यांच्या तारांतले शब्द मी कापून दिले, पण कुणाचे नाव कधी कापले नाही. त्याने स्वतःचे कापले याचा मला फार राग आला होता.

५. आता पाटीविषयी. त्याच खेपेला अमेरिकेहून बुद्धभूषणने एक यंत्र आणले होते. हातात मावणारे, काळसर, सोबत लिहायला एक काडी. टपाल पाठवणारे, टपाल आणणारे. येसूबाईने त्याला पाटी म्हटले आणि तेच नाव राहिले. आणवले तिनेच होते. फोनवर आम्हा बापलेकांची दोन वाक्यांत जुंपत असे, तेव्हा ती म्हणाली होती, "आवं, तुमी दोघं लिवून बोला. लिवताना मानूस वरडत न्हाई."

जाण्याच्या आदल्या दिवशी बुद्धभूषण मला शिकवायला बसला. इंग्रजी अक्षरे काडीने एकेका रेघेत काढायची, त्यांतच मराठी लिहायचे. ते मी तासाभरात उचलले. खटका दाबून अक्षरे पाठवण्यात जन्म गेला होता. मग त्याने पाटीची वायर फोनच्या भिंतीतल्या खाचेत लावली आणि काही सांगू लागला. मी म्हणालो, "तारखात्यातल्या माणसाला तू वायर शिकवतोस होय रे?" त्याने सांगायचे सोडून दिले. लाइन एकदा जोडली की जोडली, हे मला पाठ. तो गेल्यावर ती वायर मी पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवून दिली.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा सकाळी चहा झाला की येसूबाई सांगायची आणि मी लिहायचो. शेवग्याला शेंगा धरल्या. गल्लीतली कुत्री व्याली. स्वप्नाला दिवस गेलेत. 'पाठवा'वर काडी टेकवली की मजकूर समोरून नाहीसा व्हायचा. गेला, असे मी म्हणायचो. उत्तर मात्र एकही आले नाही.

"आलं का वं काय त्याचं?" ती रोज विचारायची. मी म्हणायचो, "मोठा साहेब झालाय तुझा लेक."

मे महिन्यात त्याचा फोन आला. "आधी पत्राला उत्तर दे, मग बोल," म्हणून मी तो खाली ठेवला. आठ दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा ठेवला. येसूबाई शेजारीच बसली होती. "मला तरी एकदा बोलू द्या की वं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तो फोन मी तिच्या हातात दिला नाही. हे मी शुद्धीवर राहून, दोन साक्षीदारांपुढे कबूल करतो.

जुलैत तिची छाती भरली आणि धाप लागू लागली. ताबडतोब ये, असे मी पाटीवर तीनदा लिहिले. स्वप्ना म्हणाली, मी दादाला फोन करते. मी तिला शपथ घातली. तीनदा कळवले आहे, चौथ्यांदा पदर पसरायचा नाही. माझ्या हातून गेलेला निरोप पोहोचला नाही असे छत्तीस वर्षांत झाले नव्हते. ४ सप्टेंबर १९९८ रोजी येसूबाई वारली. दोन दिवस आधी तिने विचारले, "त्यो कवा निगालाय?" मी म्हणालो, निघालाय.

स्वप्नाने शेवटी फोन केला तो आई गेल्यावर. जलदान विधीच्या दिवशी बुद्धभूषण दारात उभा राहिला. म्हणाला, "मला कुणी कळवलं का नाही?" मी म्हणालो, तीनदा कळवले. तो म्हणाला, "एकही पत्र आलं नाही तात्या. आणि मी लिहिलेली तुम्ही वाचलीत का?" मी म्हणालो, आले असेल तर वाचीन, थापा मारू नकोस. तो म्हणाला, पाटी दाखवा. तेव्हा भरल्या मांडवात मी ओरडलो, "तारमास्तराकडं पावती मागतोस? आईला मारलंस आणि वर खोटं बोलतोस?" तो बॅग न उघडता गेला. त्याला आता वर्ष होऊन गेले.

यंदा मार्चमध्ये पाटी चीं चीं करू लागली म्हणून मी ती कृष्णात माने याच्या एस.टी.डी. बूथवर नेली. कृष्णातला या यंत्रांतले कळते. काडीने दोन-चार ठिकाणी टोचून तो म्हणाला, "तात्या, ह्यात एक्केचाळीस पत्रं पडून हायत की. गेलीच न्हाईत." मी म्हणालो, मी स्वतः पाठवली. तो म्हणाला, "आवं, त्ये नुसतं टपालाच्या पेटीत टाकल्यागत. दर बारीला वायर लावल्याबिगर जात न्हाई आन येत बी न्हाई."

मी बूथच्या पायरीवर बसलो. कृष्णातने पाणी आणून दिले. वायर लावू का, असे त्याने विचारले तेव्हा मी पाटी त्याच्या हातून हिसकावून घेतली. मेलेल्या बाईसाठीचे 'ताबडतोब ये' आता कोणत्या तोंडाने पाठवायचे? तेव्हापासून सात महिने पाटी माझ्या उशाशी आहे आणि पत्रे तिच्या पोटात आहेत.

तरी ही पाटी माझ्या मृत्यूनंतर बुद्धभूषणच्या हातात द्यावी. तोवर तिचे सेल सांभाळावेत. दोन बारीक पेन्सिल सेल लागतात. संपले, किंवा बदलताना मिनिटभर उशीर झाला, तर आतले सगळे पुसून जाते, असे कृष्णात सांगतो. मी दर पंधरा दिवसांनी बदलतो, नवे हाताशी घेऊन, श्वास धरून. मी गेल्यावर हे काम स्वप्नाने करावे. अंत्यविधीच्या गडबडीतही विसरू नये. येसूबाईचे बोलणे आता तेवढ्यातच उरले आहे.

येथे मृत्युपत्र संपत होते. आज सह्यांसाठी सयाजी आणि कृष्णात घरी आले. मी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. सयाजी म्हणाला, "धोंडिराम, तार आलीया आन तू ती उशाखाली दाबून बसलाईस. मेल्यावर वाटनार व्हय रं? नोकरीत आसं कुनी केलं आसतं तर तू त्येला ठेवला आसतास?"

ठेवला नसता. म्हणून पुढचे कलम वाढवतो.

६. कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. शेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. पेटीतून वायर काढली. बेचाळिसावे पत्र मी आज लिहिले, ते असे: 'चि. बुद्धभूषण, तू खोटे बोलला नव्हतास. माझी पत्रे गेलीच नव्हती, चूक माझी. सोबत आईचे बोलणे आहे, सावकाश वाच. फोन कर. या वेळी खाली ठेवणार नाही.' तारेच्या हिशेबाने हे फार लांब झाले, पण एकही शब्द कापला नाही.

कृष्णातने वायर लावली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बेचाळीस पत्रे गेली. ती जात असतानाच त्याची येऊ लागली. सव्वीस आली. मी सगळ्यांत जुने तेवढे उघडले. ते फेब्रुवारी १९९८ चे आहे:

'तात्या, सुखरूप पोचलो. विमानात सगळा वेळ तुमचंच बोलणं डोक्यात होतं. आज ऑफिसात सांगून कार्ड बदलून घेतलं. आता पूर्ण नाव आहे. लोक चुकतात, मी परत सांगतो. आईला हे वाचून दाखवा, ती काळजीत असेल.'

मी ते वाचून दाखवले. येसूबाईच्या फोटोपुढे बसून, दोनदा. साक्षीदार हजर होते.

फोन अजून आलेला नाही. तिकडे उजाडायचे आहे. वायर काढून फोन जागेवर लावला आहे आणि आवाज येतो का हे उचलून पाहिले आहे. येतो.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे.

(सही) धोंडिराम अर्जुना होवाळ

साक्षीदार:
(सही) सयाजी बापू खोत, निवृत्त लाइनमन, माधवनगर
(सही) कृष्णात दत्तू माने, एस.टी.डी. बूथचालक, माधवनगर

स्थळ: माधवनगर, राहते घर, फोनशेजारी
दिनांक: १७ ऑक्टोबर १९९९, रविवार