आतड्यांसाठी ऐंशी किलोमीटर

४ सप्टेंबर
निर्णय झाला. हॉस्पिटलच्या पोटविकार वॉर्डाच्या मदतीसाठी सायकलफेरी निघणार आहे. ऐंशी किलोमीटर. मी उतरणार. ज्याच्या मोठ्या आतड्याला आठ वर्षं सूज आहे, जो घराबाहेर पडल्यावर एकदा तरी परत येतोच, त्यानं हे करून दाखवलं तर आजाराचंच धाबं दणाणेल.
हिला सांगितलं. ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना घाम फुटतो तुम्हाला.
तो काळजीचा घाम. दमल्याचा वेगळा असतो.

५ सप्टेंबर
डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, आजार सध्या शांत आहे, हरकत नाही, पण झेपेल तेवढंच करा आणि गोळ्या चुकवू नका. म्हणजे परवानगी. ‘पण’च्या पुढचं ते सगळ्याच पेशंटना सांगत असणार.

८ सप्टेंबर
सायकल आणली. एकवीस गिअर. सीट मात्र अशी, की माणसानं तिच्यावर बसायचं की तिनं माणसात शिरायचं हे कंपनीनं ठरवलेलं नाही.
ऑफिसात जाहीर केलं. टाळ्या. अकाउंट्समधल्या बुलेटिननं (त्याला सांगितलेली गोष्ट तासाभरात कँटीनला कळते) विचारलं, तुम्हाला आहे का पोटाचा आजार? म्हणालो, छे, मी निव्वळ माणुसकीपोटी करतोय. ‘पोटी’ शब्द आला, म्हणजे पूर्ण खोटं नाही.
मी दर तासाला जागेवरून उठतो तेव्हा शेअर बाजाराचे फोन करायला जातो, असा सगळ्यांचा समज आहे. असू दे. वजन वाढतं.

११ सप्टेंबर
सराव सुरू. साडेपाचला उठलो. साडेपाच ते सात आतड्यांचा सराव झाला. सायकल राहिली.

१५ सप्टेंबर, मंगळवार
खरी तयारी पायांची नसते, डोक्याची असते. रजा टाकून मेहुण्याच्या स्कूटरवर पूर्ण मार्ग पाहून आलो. जिथे जिथे सोय आहे तिथे नकाशावर लाल ठिपका. पेट्रोल पंप. लायब्ररी. फर्निचरचं शोरूम (सोफा बघायचा आव आणावा लागेल). पुलापुढचा पट्टा मात्र कोरा. तिथे जोरात चालवायची. मेहुणा म्हणाला, भावोजी, फेरी तुमची आहे की तुमच्या पोटाची?
लहान आहे अजून. पंचेचाळीसचा.

२१ सप्टेंबर
सायकल पडून राहिली की जाम होते. म्हणून भाजी आणायला हिला दिली. यालाच मेंटेनन्स म्हणतात.

२६ सप्टेंबर
ही भाजीला गेली ती दोन तासांनी उगवली. गाल लाल. भाजी नाही. म्हणाली, धरणापर्यंत जाऊन आले, वारा काय मस्त होता! हिला मेंटेनन्स कळलेला नाही. असो. सायकल रुळतेय, फायदा माझाच.

३ ऑक्टोबर
आज स्वतः चालवली. पाण्याच्या टाकीपर्यंत. कामगिरी उत्कृष्ट. परत टेम्पोतून आलो, कारण स्टॅमिना आधीच खर्च करायचा नसतो.

१० ऑक्टोबर
पोटानं दगा दिला. तीन दिवस ऑफिस नाही. रक्तही गेलं. डॉक्टर म्हणाले, या वर्षी फेरी नको. पण फार जोरात म्हणाले नाहीत.
दुपारभर मी बाथरूममध्ये आणि ही दाराबाहेर स्टूल टाकून. माझं मन रमावं म्हणून शब्दकोडं वाचून दाखवत होती. “नको तिथे हट्ट धरणारा, चार अक्षरी.” मी आतून ओरडलो, निश्चयी! म्हणाली, तीनच होतात. शेवटी ‘दुराग्रही’ निघालं. योगायोग. पण ही उठून गेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

१८ ऑक्टोबर, रविवार
फेरी.
ठरवून सगळ्यांच्या मागे राहिलो. मेहुणा आणि ही गाडीतून माझ्या मागे. पहिला लाल ठिपका, पेट्रोल पंप: टॉयलेटला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक लग्नाला. लायब्ररी: बंद. शोरूम: बंद. नकाशा मंगळवारी काढला होता. आज रविवार.
पुलापुढे मात्र प्रसंग ओढवला. कोऱ्या पट्ट्यात एकच घर. अंगणात एक आजीबाई झाडांना पाणी घालत होत्या. विचारलं, कोण पाहिजे? म्हणालो, टॉयलेट.
बराच वेळ आत होतो. बाहेर ही आजीबाईंना सगळं सांगत होती. सूज, रक्त, आठ वर्षं. आजीबाई म्हणत होत्या, अगं बाई गं. मग हिचा आवाज आला, “अहो, सगळे पुढे गेले. मी जाऊन येते.” विचारलं, कुठे? सायकलची घंटी वाजली.
उरलेली फेरी मी गाडीत बसून, खिडकीतून सूचना देत पूर्ण केली. चढावर म्हणालो, गिअर बदल! ही धापा टाकत म्हणाली, आधी काच वर करा.
शेवटी माइकवाल्यानं हिला विचारलं, ताई, कोणासाठी चालवलीत? ही म्हणाली, “नवऱ्यासाठी. मोठ्या आतड्याचा आजार आहे त्यांना. सांगायला लाजतात.”
लाउडस्पीकर उत्तम होता. बुलेटिन पहिल्या रांगेत होता.

१९ ऑक्टोबर
अपमानाची पूर्ण तयारी करून ऑफिसला गेलो. कोणी हसलं नाही. साहेबांनी माझं टेबल टॉयलेटशेजारी हलवलं. एकटा बुलेटिन नाराज. म्हणाला, तुम्ही घाईनं उठलात की मी शेअर विकायचो हो! विचारलं, मग बुडालास? म्हणाला, नाही ना, फायदा व्हायचा. आता कशाच्या जोरावर विकू?

२४ ऑक्टोबर
दवाखाना. शेजारच्या खुर्चीवरच्या जाड्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही त्या सायकलवाल्या बाईंचे मिस्टर ना? म्हणालो, नियोजन माझं होतं. मग ते हळूच म्हणाले, आतडं?
हो म्हणालो. हिच्या आणि डॉक्टरांच्या पलीकडे पहिल्यांदाच. छोटासाच शब्द आहे.
मग ते सुटलेच. त्यांच्या लॅपटॉपच्या बॅगेत लॅपटॉप नसतो, पँट असते. मी त्यांना फर्निचरच्या शोरूमची युक्ती दिली. इतका हसलो, की रिसेप्शनिस्टनं बोट ओठांवर ठेवलं.
आणि हसता हसता दोघांचेही चेहरे एकदम बदलले.
दवाखान्यात टॉयलेट एकच. कॉरिडॉर सरळ, मोकळा. मी वयानं लहान, वजनानं हलका, पायात स्पोर्ट्स शूज. सुरुवात उत्तम घेतली.
ते आधी पोचले.