काटा उठतो, आवाज नाही

देवास, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आजही तेच. रेडिओ सेटवरचा सिग्नलचा काटा वर जातो, खरखर थांबते, पण अण्णांचा आवाज काही येत नाही. टेकडीच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी. तरुणपणी हौसेनं घेतलेल्या या बिनतारी सीबी रेडिओंवर आम्ही दोघे भाऊ रोज संध्याकाळी बोलायचो. लकवा झाल्यावर ते धारला लेकीकडे होते, तेवढे दिवस माझा सेट बंदच पडून होता. म्हटलं, ओल धरली असेल. स्पीकर बदलला. अँटेनाची तार घासून पुन्हा सोल्डर केली. काय उपयोग? एरवी खरखर येतेय म्हणजे स्पीकर चांगलाच होता, एवढंही सुचू नये मला?

आणि तो काटा. समोरच्यानं बोलायचं बटण दाबल्याशिवाय तो उठत नाही. हे कालच कळायला हवं होतं. की कळलं होतं?

शेवटी वहिनींना फोन लावला. म्हटलं, अण्णांचा माइक गेला असेल, उद्या येऊन बघतो.

"माइकला काही नाही झालं, भावजी," त्या म्हणाल्या. "बटण तर हे दाबून बसतात. ओठ हलतात, पण शब्दच नाही निघत. तुम्हाला सांगू नको म्हणून हातानं खुणा करतात."

फोन ठेवला, तर काटा वरच होता. बराच वेळ. तो खाली आल्यावर मी माझं बटण दाबलं. म्हटलं, "अण्णा, आज आवाज एकदम साफ येतोय."

काटा लगेच पुन्हा उठला.

खोलून बघायला आता सेटमध्ये काही उरलं नाही.