आशाबाईचा वाल

प्रिय संघपाल,

तुमच्या शाळेच्या परसबागेवरचा माझा अभिप्राय मिळाला असेल. चांगला लिहिलाय, कारण बाग चांगली आहे. वाफ्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन आहे, कीड पळवायच्या दशपर्णी अर्काला यायला हवा तितकाच घाण वास येतो, मुलं वांग्यावरच्या मित्रकिडी ओळखतात. हे सगळं हर्षा बाईंनी शिकवलं, असं प्रत्येक मुलाने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी पाहणीला आले त्या दिवशी तू बैठकीला गेला होतास, म्हणून अभिप्रायात नसलेलं इथे लिहिते. वालाचा मांडव पूर्व-पश्चिम बांधलाय. उत्तर-दक्षिण हवा होता. आता मागच्या पालकावर दिवसभर सावली पडते. पालक हिरवागार होता, तरीही. हर्षा बाईंनी चहा दिला. हसऱ्या आहेत. बोलता बोलता एकदा 'संघपाल' म्हणाल्या आणि लगेच 'सर' जोडलं. मी कप खाली ठेवला. चहात साखर जास्त होती.

मांडवापाशी दिव्या नावाच्या मुलीने माझा हात धरला. "हा हर्षा बाईचा वाल, मॅडम. तुम्हाले पायजे का? पन बाईले इचारा लागते." मी एक शेंग उलटून पाहिली. कडेला जांभळी रेघ, टोकाला बाक. सिंदेवाहीच्या स्टँडवर, तू नोकरीवर रुजू व्हायला निघालास तेव्हा, मी तुला दिलेली वालाच्या बियाण्याची पुरचुंडी आठवते? आईने लुगड्याच्या चिंधीत स्वतः बांधली होती. "दे त्याले. जंगलात भाजी भेटते का नाई भेटत," म्हणाली होती. मला वाटलं होतं, पुरचुंडीच्या मागोमाग मीही येईन. मग मला भात संशोधन केंद्रात जागा मिळाली, आणि तू ये म्हणाला नाहीस.

आपल्याकडे बियाणं ज्याच्या हातून येतं त्याचं नाव घेतं. आमच्या परसात अजून इतवारीची तूर आहे, नीलाबाईचा दोडका आहे. देणारी दोघंही आता नाहीत, पण जेवताना नाव निघतं. तू वाल हर्षाला दिलास, तिने मुलांना दिला, मुलांनी तो घरी नेला. त्या गावांत तो तिच्याच नावाने चढणार. रीतीत चूक नाही. मी शोधून पाहिली.

आता काम सांगते. आई गेल्यावर मडक्यातल्या वालाला राख लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. भुंग्यांनी सगळा पोखरला. उरलेला मी ओल्या कापडात घालून पाहिला. एकही दाणा उगवला नाही. बाबा रोज रिकाम्या मांडवाखाली खाट टाकून बसतात. आईचा, आशाबाईचा वाल आता फक्त तुमच्या शाळेत आहे. मूठभर पाठव, पावसाचं पाणी आलं की तुमचा रस्ता बंद होईल, त्याआधी. पण शेंगा तू तोड, दाणे तू सोल, पुडी तू बांध. हर्षाच्या हातून आला तर आईच्या परसात मला तिचं नाव घ्यावं लागेल. तुझ्या हातून आला तर 'संघपालचा वाल' म्हणेन. तेवढं आईला चालेल. मलाही.

तुझीच (सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही),
पुनम