बरोबर उत्तर: ‘जाते’

ती. सगुणाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं. तुझा गुडघा आता बरा दिसतो. सुकटीचा डबा पोचला (शेजाऱ्यांनाही पोचला, वासाने). मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तू पत्रातूनही माणसाचा चेहरा वाचतेस, म्हणून खरं तेच लिहिते.

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात मुलांच्या बुद्धीच्या परदेशी चाचण्या मराठीत आणतात, हे तुला ठाऊक आहेच. (तिकडच्या चित्रात बर्फावरची गाडी होती, तिथे आम्ही होडी काढली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.) त्यात एक प्रश्न आहे, घरातून निघताना आपण काय म्हणतो? छापील उत्तर ‘जातो’. तुमच्या मोरा बंदराच्या शाळेतली झाडून सगळी पोरं म्हणाली, ‘येतो’. कॉम्प्युटरने निकाल दिला की या मुलांना येणं आणि जाणं यांतला फरक कळत नाही, बुद्धी बेताची. मी ऑफिसातल्या अरविंदसरांशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, “मॅडम, टेन्शन कशाला? मराठीत ‘जातो’ आहे ना? मग पोरांना एकदा करून दाखवा.”

मी दाखवलं. पर्स खांद्याला अडकवली, वर्गाच्या दारापर्यंत गेले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “जाते!” एरवी मी निघाले की ‘या बाय, या बाय’ करून कान किटवणारा वर्ग, पण एकाच्याही तोंडून ‘या’ निघालं नाही. पुढच्या बाकावरची क्रांती तेवढी पुटपुटली, “बाय, आसा नाय बोलाचा.” मी हसत उंबरा ओलांडला.

तेव्हापासून आत्या, मी कुणाला दिसत नाही. सोसायटीचा वॉचमन मान वर करत नाही (आधीही करत नव्हता). घरी बोलले तर कुणी ऐकत नाही (त्यामुळे दोन दिवस काही वेगळं वाटलंच नाही). पण मग सासूबाई माझं ताट सोडून ताटं मांडू लागल्या. नंतर मितेशने कपाटातली माझी बाजू रिकामी केली. रडून नव्हे गं, शीळ घालत, जणू तिथे नवरोबाच्या स्वतःच्या शर्टांशिवाय कधी काही नव्हतंच. तेव्हा मात्र मला फार भीती वाटली.

धावत शाळेत गेले. पोरांना तेवढी मी दिसते, पण ती मान खाली घालतात. क्रांतीच हळूच म्हणाली, “तुमच्या घरच्या कोनीतरी ‘ये’ बोलला पायजे.” सासरी ओरडून पाहिलं, उपयोग झाला नाही. माहेरचं म्हणावं असं आता तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझी (अजून आहे ना?)
अक्षता

ता. क. चाचणीत मी ‘येतो’ बरोबर करून टाकलं. सर म्हणतात, हे कुणी केलं कळत नाही, पण असू द्या. पोरं सुटली.

आणखी ता. क. वाचून झालं की मोठ्याने एवढंच म्हण, ‘ये’. पोस्टाची वाट बघू नकोस, हे पत्र तुझ्याच ओट्यावर बसून लिहिलंय, आता दाराखालून सरकवते. मगाशी कडी वाजवली ती मीच. तू बाहेर आलीस, माझ्या डोक्यावरून खाडीकडे बघितलंस, “कोन नाय,” म्हणालीस आणि दार लावलंस.