फ्लेक्सवरची सुपरवायझर

३ फेब्रुवारी

माझा फ्लेक्स कोर्टात! हसावं की रडावं, कळत नाही.

कंपनीच्या वकिलानं फोटोच काढून जजसाहेबांपुढं ठेवला. मोशीचा चौक, मी पैठणीत, खाली दोन वाघ — 'वर्षालीताई यांची सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : शेखरभाऊ मित्रपरिवार.' "बाई स्वतःच चौकात सांगतायत सुपरवायझर आहे म्हणून. मग कामगार कशा?" सगळे हसले. नोकरी दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते.

निवड कसली डोंबलाची! पगार जरा वाढला, ओळखपत्रावरचा शब्द बदलला. काम तेच — दिवसभर उभं राहून वायरींना पिना ठोकायच्या. कुणाला रजा द्यायचा अधिकार नाही, उलट मलाच बाथरूमला विचारून जावं लागायचं. शेजारच्या मशीनवर पूनमचं बोट चेंगरलं, तेव्हा 'मशीनला संरक्षक जाळी बसवा' म्हणून मी लेखी दिलं. आठवडा गेला नाही, तर गेटवरूनच हाकललं. चौकशी नाही, काही नाही. म्हणून तर कोर्टात गेले.

४ फेब्रुवारी

शेखरभाऊजी जेवले नाहीत. गावात कुणाचं बारसं असो नाहीतर बढती, माझा हा दीर फ्लेक्स लावणारच. "वहिनी, मी आपलं कौतुकानं..." "तुमच्या कौतुकानं माझ्या पोटावर पाय आला!" — फाडकन बोलून गेले. फार लागलं त्यांना.

७ फेब्रुवारी

माझ्या वकील तनुजा मॅडम. त्यांनी चहा पाजून समजावलं. संसद कायद्यात शब्द लिहिते. तो शब्द कुणाला लागतो यावरून भांडण होतं. मग न्यायाधीश अर्थ सांगतात, आणि मोठ्या कोर्टानं सांगितलेला अर्थ पुढं कायद्यासारखाच चालतो. कायदा म्हणतो, देखरेख करणारा आणि पगार अमुक रकमेच्या वर — तो कामगार नाही. मोठं कोर्ट म्हणतं, हुद्द्याचं नाव बघू नका, काम काय करतो ते बघा.

"मग जिंकलोच की आपण!"

"तुम्ही काय काम करत होता, हे सांगणार कोण? शेजारी उभी राहिलेली एक तरी बाई आणा."

शेजारी पूनमच असायची.

८ फेब्रुवारी

पूनम हो म्हणाली! "ताई, माझ्या बोटापायी तुमची नोकरी गेली. मी न्हाई येनार तर कोण येनार?" दोघी रडलो.

१५ फेब्रुवारी

तारीख पुढं ढकलली. दारावरची पाटी वाचत बसले — कामगार न्यायालय. मी कामगार नाही असं ठरलं, की मला काढलं ते बरोबर का चूक, हे इथं कुणी बघणारसुद्धा नाही. दारातूनच परत. अकरा वर्षं उभी राहिले, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या, आणि आता मला पुरावा द्यायचाय की मी कामगार आहे! कधीकधी वाटतं, द्यावं सोडून सगळं.

२१ फेब्रुवारी

मोबाइलवर संसद बघितली. कुठला तरी कायदा होता. बाजूचे 'हो' म्हणाले, विरोधातले 'नाही' म्हणाले, झाला मंजूर. बाकं वाजवली. माझ्या 'कामगार' शब्दाच्या वेळीही असंच झालं असेल का? त्या बाकांवरच्या एकानं तरी पिन ठोकून बघितली असेल?

नाना — माझे सासरे — शेजारीच होते. "मत आपून दिलं न्हवं? मग कामगार म्हंजी कोन, ते आपल्याला का न्हाई इचारलं?" मला झोप नाही, भूक नाही. कशाला उठायचं, तेच कळत नाही सकाळी.

१ मार्च

उद्या पूनमची साक्ष. एवढीच एक आशा राहिलीय.

१ मार्च, संध्याकाळ

पूनम आली. हातात पेढे! "ताई, आख्ख्या लाइनला सुपरवायझर केलं! पगार वाढला, नवीन ओळखपत्रं दिली. आता आमच्यात कामगार कुणीच न्हाई!" त्याच वाकड्या बोटानं पेढा माझ्या तोंडात घातला. मग दारात बसलेल्या शेखरभाऊजींना म्हणाली, "भाऊ, आमचा सगळ्यांचा मिळून एक फ्लेक्स लावा की!"

भाऊजी उठून बाहेर निघून गेले.

उद्या ही खरं बोलली, तर परवा हिला काढतील. मग ही कुठल्या कोर्टात जाणार? तोंडातला पेढा कसाबसा गिळला आणि म्हणाले, "छान झालं गं. उद्या येऊ नकोस."